वाढदिवसाचा केक आणि महिनाअखेर

मुलांचे वाढदिवस महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच यावेत, असा काही नियम विधात्याने केलेला नाही. ते बहुधा वीस तारखेनंतरच येतात, असा निदान बेताच्या मिळकतीच्या घरांचा अनुभव आहे. वाण्याची उधारी वाढलेली असते, गॅसचे सिलिंडर संपत आलेले असते, वह्या-पुस्तके आणि पावसाळी चपला नुकत्याच घेऊन झालेल्या असतात, आणि नेमक्या अशा वेळी घरातील सात वर्षांचे चिरंजीव आईच्या पदराशी चाळा करीत विचारतात, "यंदा केक आणायचा ना?"

या प्रश्नाला आपल्या घरांतून दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. आजोबा म्हणतात, "आपल्यात केक कापत नाहीत." वडील काहीच बोलत नाहीत, पण मुलाचे मन मोडू नये म्हणून कोठूनतरी पाचशे-हजार उसने आणतात आणि दोन मजल्यांचा केक घरी येतो. प्रस्तुत लेखकाला ही दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. पहिल्यात मुलाचा प्रश्न नीट ऐकलेलाच नसतो आणि दुसऱ्यात तो वाजवीपेक्षा फार मोठा ऐकलेला असतो. मुलाने केक मागितला आहे, मजले मागितलेले नाहीत.

प्रथम आजोबांच्या उत्तराकडे वळू. आपल्याकडे वाढदिवस नव्हता असे नाही. तिथीने येणाऱ्या त्या दिवशी मुलाला तेल लावून न्हाऊ घालीत, पाटाभोवती रांगोळी काढीत, सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळून औक्षण करीत. मार्कंडेयाचे व सप्तचिरंजीवांचे स्मरण करून तीळ आणि गूळ घातलेले दूध ओंजळीने प्यायला देत. ज्या घरात अंगठी नसे तेथे शेजारणीची येई. खर्च म्हणाल तर वातीपुरते तूप, मूठभर तीळ आणि खिरीचे दूध. मुलाचे कौतुक पुरेपूर होई आणि वाण्याच्या वहीत एक ओळही वाढत नसे. हे सारे आजही करावे, अगत्याने करावे. पण त्याचे नाव पुढे करून केकला दार लावण्याचे कारण मला दिसत नाही.

"आपण दिवा लावतो, ते दिवा विझवतात" हा आक्षेप तर आता म्हणीसारखा रूढ झाला आहे. मेणबत्त्यांची ती चाल जर्मनीकडची. १७४६ साली मारिएनबोर्न येथे काउंट त्सिन्त्सेनडॉर्फ नावाच्या धर्मपुरुषाचा वाढदिवस झाला. त्या वेळी भट्टीत मावेल एवढा मोठा केक भाजून, त्यात त्याच्या वयाइतकी भोके पाडून प्रत्येकात एकेक मेणबत्ती उभी केली होती, अशी नोंद आहे. गृहस्थ त्या वर्षी ४६ वर्षांचे झाले होते! आपल्या घरी आधी निरांजन लावावे, औक्षण करावे, निरांजन देवापुढे तेवत ठेवावे आणि मग मुलाला खुशाल सात मेणबत्त्यांवर फुंकर घालू द्यावी. दोन्ही ज्योती एकाच घरात सुखाने नांदतात.

आता हा केक आमच्या गुंदसारख्या गावापर्यंत कसा पोचला, याचा शाळेच्या दप्तरातून दिसणारा एक दुवा सांगण्याजोगा आहे. जोयडा तालुका म्हणजे काळी नदीच्या खोऱ्यातील जंगलाचा मुलूख. पूर्वी यास सुपा तालुका म्हणत. सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेले आणि नावही मागे पडले. विखुरलेल्या वाड्या, सुपारीच्या बागा, भातखाचरे. मुलांच्या घरी कोकणी-मराठी आणि शाळेत कानडी. अशा भागात जुन्या पिढीला जन्मतिथी फार तर नक्षत्रावरून किंवा जत्रेवरून आठवे. "उळवीच्या जत्रेनंतर आठ दिवसांनी झाला" एवढी माहिती घेऊन बाप शाळेत येई आणि मास्तर सहा वर्षे पूर्ण भरतील अशा बेताने १ जून ही तारीख टाकून मोकळे होत. महाराष्ट्र असो वा कर्नाटक, खेड्यांतल्या शाळांच्या जुन्या नोंदवहीत १ जूनला जन्मलेल्यांची गर्दी दिसते, तिचे रहस्य हे एवढेच. अशा मुलाला केक कोणत्या दिवशी आणणार?

पुढे दवाखान्यात बाळंतपणे होऊ लागली, जन्मदाखले मिळू लागले. जन्म-मृत्यू नोंदणीचा मूळ कायदा १९६९ चा. त्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यानंतर जन्मलेल्यांच्या शाळाप्रवेशापासून पुढच्या अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच पुरावा ठरला. म्हणजे आता मजुराच्या मुलालाही स्वतःची, कोणी मास्तराने न नेमलेली, खरी तारीख आहे. माझ्या समजुतीप्रमाणे केकची हौस या तारखेच्या मागोमाग आली. दूरदर्शनने आणि मोबाइलने तिला खतपाणी घातले, हे खरे. पण वर्षातला एक दिवस माझा आहे, हे मुलाला कळले नसते तर त्या खतपाण्याचा उपयोग झाला नसता. मुलाच्या मागणीत हा जो मानाचा भाग आहे, तो मोठ्यांनी ओळखला पाहिजे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शाळेतील एका मुलीचे वडील सुपारीच्या बागेत कामाला जातात. मुलीला आठवे लागणार होते. त्यांनी सकाळची बस धरली, दांडेलीस गेले, अर्ध्या किलोचा अननसाचा केक घेतला आणि दुपारच्या बसने तो मांडीवर धरून जंगलातल्या वळणांवरून घरी आणला. सायंकाळी मी सहज तिकडून चाललो होतो, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"मास्तर, जरा आत या. पोरीचं नाव झाकणाला लागलं."

खोका उघडला तेव्हा मलईतली इंग्रजी अक्षरे वरच्या पुठ्ठ्याला चिकटून आली होती आणि केकवर नुसता गुलाबी रबरबाट उरला होता. बापाचा चेहरा पाहवेना. मुलीने मात्र ते झाकण हातात घेतले, उलटी उमटलेली अक्षरे आरशात धरून वाचली, मोठ्याने हसली आणि नाव बोटाने पुसून खाऊन टाकले. मग तिने मेणबत्त्या मोजल्या. आठ होत्या. तेवढे तिला पुरेसे होते.

परतताना मी त्यांच्याबरोबर हिशेब केला. केकचे तीनशे वीस रुपये त्यांच्या ध्यानात होते. जाण्यायेण्याचे बसभाडेही होते. पण बुडालेली दिवसाची मजुरी त्यांनी धरलीच नव्हती, आणि ती केकपेक्षा मोठी होती. खेड्यातल्या माणसाला शहरातली वस्तू कितीला पडते, याचे गणित दुकानातल्या फलकावर कधी लिहिलेले नसते. "मग पुढल्या वर्षी काय करू, सांगा," ते म्हणाले. मी म्हटले, "पुढल्या वर्षी घरधनिणीला पाठवा." यात थट्टा थोडी आणि हिशेब अधिक होता. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात स्त्रियांना साध्या सरकारी बसचा प्रवास विनामूल्य आहे. आणि बचत गटाच्या किंवा बाजाराच्या कामाला त्या महिन्यातून एकदा शहरात जातातच. त्या फेरीला केकची फेरी जोडली की निम्मा खर्च गळून पडतो. साधा, मलई नसलेला केक दोन-तीन दिवस सहज टिकतो, तेव्हा तारखेचाही अडथळा नाही.

असा मलईविना केक म्हणजे गरिबाचा केक, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. हिंदुस्थानातल्या केकचा इतिहास पाहिला तर त्याची सुरुवातच काटकसरीच्या युक्तीने झालेली दिसते, आणि तीही आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर. केरळातील तलशेरी येथे मांबळ्ळी बापू या बेकरीवाल्याकडे मर्डॉक ब्राउन नावाचा मळेवाला साहेब १८८३ साली विलायतेचा केक घेऊन आला आणि नाताळासाठी तसाच करून मागू लागला. साहेबाने सुचवलेल्या फ्रेंच ब्रँडीऐवजी बापूने काजूच्या बोंडांची स्थानिक दारू आणि केळी वापरून काम भागविले आणि साहेब खूष झाला, अशी हकिकत तेथे सांगतात. मुंबईच्या इराण्यांनी तर मलईच्या वाटेला न जाता दुधाचा खवा घातला आणि मावा केक जन्मास आला. ग्रँट रोडचे मेरवान १९१४ चे, पुण्याची कयानी बेकरी १९५५ ची. या दुकानांपुढे रांगा लावून ज्या पिढ्यांनी केक नेला त्यांना त्यावर गुलाबाची फुले नसल्याचे दुःख झाल्याचे ऐकिवात नाही. अंतःपुरात वेलदोड्याचा वास असलेला तो केक आपला नव्हे असे आज कोण म्हणेल?

आता विकत घ्यायचाच असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. केक वजनावर विकला जातो, आणि वजनात मलई धरलेली असते. सजावटीचा केक अर्धा किलो घेतला तर आतला खरा भाजलेला भाग त्याहून पुष्कळ कमी असतो. वरची पांढरी मलई बहुतेक ठिकाणी दुधाची नसतेच. ती वनस्पती तेलापासून केलेली असते. म्हणून "साधा द्या, वर फक्त नाव घाला" एवढे सांगितले तरी त्याच पैशात मुलांच्या तोंडी अधिक केक पडतो. पन्नास ग्रॅमची एक फोड धरली तर अर्ध्या किलोत दहा मुले होतात. लहान मुलाला एवढी फोड भरपूर होते. गोल केकपेक्षा चौकोनी बरा, कारण त्याचे समान तुकडे पडतात आणि "त्याला मोठा, मला लहान" हे रडगाणे टळते. गोलच हवा असेल तर मुलांना भूमितीचा एक धडा द्यावा: सहा इंच व्यासाच्या केकचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच, आठ इंचांचे सुमारे ५०. व्यास दोनच इंच वाढला, पण केक पावणेदोनपट झाला. भाव विचारताना हे लक्षात असावे.

कराचेही पाहावे. केक-पेस्ट्रीवरील वस्तू-सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. तीनशे रुपये मूळ किमतीवर पूर्वी ५४ रुपये पडत, ते आता १५ पडतात. ३९ रुपयांत मेणबत्त्या आणि फुगे येऊन वर काही उरते. ज्या लहान बेकरीवाल्याची या करासाठी नोंदणीच नाही, त्याला तो गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही.

रंगांच्या बाबतीत मात्र काटकसर आणि प्रकृती दोघी एकाच बाजूस उभ्या आहेत. २०२४ साली कर्नाटकाच्या अन्नसुरक्षा खात्याने केकचे २३५ नमुने तपासले. त्यांतले २२३ चांगले निघाले, पण १२ नमुन्यांत कृत्रिम रंग घातक प्रमाणात सापडले, आणि बोट दाखविले गेले ते मुख्यतः लालभडक 'रेड व्हेल्व्हेट' व 'ब्लॅक फॉरेस्ट' या प्रकारांकडे. घाबरून जाण्याचे कारण नाही, बहुसंख्य नमुने निर्दोष होते. पण जो केक मुलाची जीभ दुसऱ्या दिवसापर्यंत लाल ठेवतो तो महागही असतो आणि नकोसाही. जाता जाता एक गंमत. त्या 'ब्लॅक फॉरेस्ट'वरची जी लाल चेरी मुले आधी उचलतात, ती पुष्कळदा पाकात मुरवून रंगविलेले करवंद असते, आणि रंगीबेरंगी टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. आमच्या रानातले करवंद शहरात जाऊन चेरी होते आणि पाहुणीसारखे परत येते!

आता घरी करण्याविषयी. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मराठी मध्यमवर्गीय घरांतून झाकणाला काचेची खिडकी असलेली ॲल्युमिनियमची गोल विजेची भट्टी असे. ती एका घरी असे आणि साऱ्या आळीत फिरे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले आणि वाटी-चमच्याच्या मापाने पदार्थ लिहिण्याची सोय झाली. त्या मापाच्या भाषेतच केकही सांगता येतो. दीड वाटी मैदा, पाऊण वाटी साखर, एक वाटी ताजे दही, अर्धी वाटी तेल, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, वेलदोडा किंवा व्हॅनिला. दही-साखर-सोडा घोटून पाच मिनिटे ठेवावे, फेस आला की तेल घालावे, मग चाळलेला मैदा हलक्या हाताने मिसळावा आणि तूप लावलेल्या डब्यात ओतावे. जाड बुडाच्या जुन्या कढईत बोटभर वाळू किंवा मीठ पसरून, झाकण ठेवून दहा मिनिटे तापवावे, आत तिवई ठेवून तिच्यावर डबा ठेवावा आणि मंद आंचेवर पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटे भाजावे. विणायची सुई खुपसून कोरडी निघाली की झाला. पूर्वी यासाठी कुकरची रिंग आणि शिटी काढून कुकरच वापरीत. पण पाण्याविना तापल्याने कुकर बिघडतो, तेव्हा कढईच बरी.

अंडे नाही म्हणून या केकला उणेपणा येत नाही. बेकिंग पावडर ही वस्तूच मुळी एका संसारी अडचणीतून निघाली आहे. बर्मिंगहॅमचा औषधविक्या आल्फ्रेड बर्ड याच्या पत्नीस अंडे सोसत नसे आणि यीस्टही सोसत नसे. त्याने तिच्यासाठी आधी अंड्याविना कस्टर्ड केले आणि १८४३ साली यीस्टविना पाव फुगविणारी पूड केली. सोड्याला आंबट भेटले की वायू सुटतो आणि पीठ फुगते; दह्यामुळे नेमके तेच होते. या साऱ्याचा आमच्या हिशेबाने आजचा खर्च गॅससह साठ-पासष्ट रुपये. केक भरतो अर्ध्या किलोहून थोडा अधिक.

आणि पावसाळ्यात वाढदिवस असेल तर मैद्याचीही गरज नाही. श्रावण-भाद्रपदात परसातल्या वेलीवर पिकून पिवळी पडलेली मोठी तवशी असतात. तवसे किसून, तांदळाचा रवा, गूळ, ओला नारळ आणि किंचित मीठ घालून पातेल्यात ओतायचे, खाली मंद निखारे आणि वर झाकणावरही निखारे. कोणी यास तवसोळी म्हणतात, कोणी धोंडस. वर-खाली विस्तव ठेवून भाजणे हेच तर भट्टीचे तत्त्व; गोव्यातील बेबिंकही याच रीतीने थरावर थर चढवून होते. तपकिरी, खरपूस कडांची, हळदीच्या पानाचा वास लागलेली तवसोळी ताटात उपडी केली की तिला मेणबत्त्या उत्तम लागतात. आजीला ती येते, आणि त्या दिवशी आजीला स्वयंपाकघरात मान मिळतो, हा आणखी एक लाभ.

इतके सांगूनही काही घरे अशी उरतात की ज्यांना साठ रुपयेही जड असतात. शिक्षकाच्या नजरेला ती लवकर दिसतात. वाढदिवसाच्या दिवशी रंगीत कपडे घालून वर्गात चॉकलेटे वाटायची चाल खेड्यातल्या शाळांतही आली आहे. आणि ज्याच्याकडे वाटायला काही नसते तो मुलगा त्या दिवशी शाळेलाच येत नाही. पोट दुखले, असे दुसऱ्या दिवशी सांगतो. दोन-तीन मुलांची पोटदुखी हजेरीपटातल्या जन्मतारखेशी जुळलेली पाहिल्यावर आम्ही चॉकलेटे वाटणे बंद केले. आता महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्या महिन्यातल्या सर्व मुलांची नावे प्रार्थनेच्या वेळी वाचली जातात, बाई त्यांना ओवाळतात आणि शेंगदाण्याची चिक्की सर्वांना मिळते. ज्यांना अधिक करण्याची ऐपत आहे त्यांच्यासाठी मध्यान्ह भोजनाच्या योजनेत 'तिथी भोजन' म्हणून सोय आहे. गुजरातेत ती आधी रुजली आणि पुढे देशभरच्या योजनेत आली. आपल्या मुलाच्या वाढदिवशी शाळेच्या पानात एखादा गोड पदार्थ वाढता येतो. बडोदे, इंदूर, हैदराबाद, बंगळूर येथील आपल्या वाचकांनी जवळच्या शाळेत एकदा विचारून पाहावे. दोन किलोंच्या सजावटीच्या केकच्या पैशात एका लहान शाळेला शिरा होतो.

शेवटी नावाची गोष्ट. परप्रांतात राहणाऱ्या आपल्या घरांतील मुलांची नावे केकवर बहुधा इंग्रजीत पडतात, कधी तेथील प्रांतभाषेत. त्यात वाईट काही नाही. पण देवनागरीतही घालून मिळतात, त्याला वेगळा आकार पडत नाही. बेकरीतल्या कारागिराला देवनागरी येत नसली तरी तो अक्षर चित्रासारखे पाहून काढतो. त्यासाठी नाव मोठ्या, ठळक अक्षरांत कागदावर लिहून द्यावे. ते मुलाकडूनच लिहून घ्यावे. जोडाक्षर असेल तर सुटे करून दाखवावे, शिरोरेघ शेवटी ओढायला सांगावी, म्हणजे मलई पसरत नाही. आणि खोका बांधण्यापूर्वी वेलांटी ऱ्हस्व आहे की दीर्घ, ते दुकानातच पाहून घ्यावे.